गावची कचरा बँक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कचरा बँकेच्या पहिल्या बैठकीत लोक जे विचारतात, तेच पुढे दोन वर्षं विचारत राहतात. बरेचसे प्रश्न पैशाचे असतात, आणि त्यात काही गैर नाही. मी काही काळ अशा एका बँकेची वही लिहिली आहे. त्यामुळे खालची उत्तरं काट्याजवळ बसलेल्या माणसाची आहेत, व्यासपीठावरची नाहीत.

कचरा बँक म्हणजे नेमकं काय?

घरातला विकला जाईल असा सुका कचरा वेगळा ठेवायचा. ठरलेल्या वारी तो केंद्रावर आणायचा. तिथे प्रत्येक जातीचं वेगळं वजन होतं, त्या दिवशीच्या भावानं रक्कम काढली जाते आणि ती तुमच्या पासबुकात जमा होते. साठलेला माल बँक एकत्र करून मोठ्या खरेदीदाराला विकते. पैसे तिथल्या तिथे हातावर न ठेवता खात्यावर साठवायचे, एवढ्यासाठीच तिला ‘बँक’ म्हणतात. दर आठवड्याची चिल्लर कुठे जाते ते कळत नाही. वर्षानं एकदम काढलेली रक्कम मात्र लक्षात राहते.

ही कल्पना आली कुठून?

भंगार विकणं जुनंच आहे. त्याला पासबुक जोडण्याची पद्धत रुजली ती इंडोनेशियात. योग्याकार्ता प्रांतातल्या बांतुल जिल्ह्यात बादेगान नावाची वस्ती आहे. तिथे २००८ साली बांबांग सुवेर्दा या व्याख्यात्यांनी ‘गमाह रिपाह’ नावाची कचरा बँक सुरू केली. त्याआधी दोन वर्षांपूर्वी, मे २००६ मध्ये, तो सगळा भाग भूकंपानं हादरला होता. सुवेर्दा आरोग्य क्षेत्रातले, त्यामुळे त्यांची चिंता कमाईपेक्षा डेंग्यूची जास्त होती. उघड्यावर पडलेले डबे आणि बाटल्या म्हणजे डासांची पाळणाघरं, हे त्यांना दिसत होतं.

त्याच वर्षी त्या देशात कचरा व्यवस्थापनाचा कायदा झाला (२००८ चा १८ वा), आणि २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयानं कचरा बँकांसाठी स्वतंत्र नियमावली काढली. तिथल्या भाषेत तिला ‘बांक साम्पाह’ म्हणतात. साम्पाह म्हणजे कचरा. पुढे ही पद्धत त्या देशभर पसरली, पण सुरुवात एका वस्तीतून झाली हे ध्यानात ठेवलेलं बरं. सरकारी आदेशानं सुरू झालेल्या आणि फलक लावून सहा महिन्यांत थंड पडलेल्या बँकाही असतातच.

भंगारवाल्याला विकतोच की आम्ही. मग ही बँक कशाला?

विकत असाल तर विका. बँकेची गरज त्या मालाला आहे जो भंगारवाला घेत नाही किंवा ज्यासाठी तो तुमच्या दारी येत नाही. त्याला लोखंड, तांबं, पितळ, रद्दी हवी असते. दोन-चार बाटल्या, फाटका पुठ्ठा, शाम्पूचे रिकामे डबे यासाठी तो थांबत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे, त्याला परवडत नाही. दोनशे घरांचे तेच दोन-चार डबे एका जागी आले की मात्र त्याचा ‘माल’ होतो. गाडी भरून जाते आणि खरेदीदार फोन उचलतो.

दुसरा फरक भावाचा. सगळं एकत्र कोंबलेल्या पोत्याला मिसळ मालाचा भाव मिळतो. तेच जातवारी वेगळं करून दिलं की प्रत्येक जातीचा आपापला भाव लागतो. हे निवडण्याचं काम एरवी भंगाराच्या वखारीत होतं आणि त्याची कमाई वखारीत राहते. बँक ते काम गावात आणते. कमाई वाढते ती एवढ्यापुरतीच, त्यात जादू काही नाही.

मग गावात फिरणाऱ्या भंगारवाल्याच्या पोटावर पाय येणार नाही का?

येऊ शकतो, आणि हा प्रश्न बैठकीत बहुधा कुणी विचारत नाही, कारण तो माणूस बैठकीला बोलावलेलाच नसतो. कित्येक वर्षं कुणी शाबासकी दिली नाही तरी गावातून काच-पत्रा बाहेर नेण्याचं काम याच लोकांनी केलं. कुठल्या प्लास्टिकला गिऱ्हाईक आहे, कुठला खरेदीदार वजनात मारतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. बँक सुरू करताना पहिला माणूस तो धरा. त्याला वर्गीकरणाला घ्या, वाहतुकीचं काम द्या किंवा बँकेचा माल त्याच्यामार्फत विका. त्याला बाहेर ठेवून सुरू झालेल्या बँकेला पहिल्या तीन महिन्यांत जे शिकावं लागतं, ते त्यानं एका दुपारी सांगितलं असतं.

घराला महिन्याला किती पैसे सुटतील?

ज्यांनी मोठे आकडे सांगितले असतील त्यांना हिशेब मांडायला सांगा. आपण मांडून बघू.

जागतिक बँकेनं २०१८ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार जगात माणशी रोज सरासरी ०.७४ किलो कचरा होतो. पण ही सरासरी ०.११ पासून ४.५४ किलोपर्यंत ताणलेली आहे, आणि खेड्यात तो शहरापेक्षा कमी असतो. कमी उत्पन्नाच्या देशांत त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के, अन्नाचा आणि पालापाचोळ्याचा असतो. कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, धातू असं पुन्हा वापरात जाऊ शकेल ते फक्त २० टक्के.

आता समजा, पाच माणसांचं घर आहे आणि माणशी ४०० ग्रॅम धरले. रोजचे २ किलो, महिन्याचे ६०. त्याचे २० टक्के म्हणजे १२ किलो. त्यातलं चिखलानं माखलेलं, फाटून गेलेलं, गिऱ्हाईक नसलेलं वजा करा. काट्यावर सहा ते आठ किलो येतील. त्यातही निम्म्याहून जास्त वजन पुठ्ठा आणि काचेचं, म्हणजे स्वस्त मालाचं. एक लिटरची रिकामी बाटली २० ते ३० ग्रॅमची असते. किलोभर व्हायला ३३ ते ५० बाटल्या लागतात. अॅल्युमिनियमच्या डब्याला भाव उत्तम, पण तो १५ ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे किलोला सत्तरेक डबे.

तेव्हा घराचं पोट यावर भरत नाही. वर्षाच्या शेवटी मुलांच्या शाळेच्या सामानाला किंवा अडीअडचणीला हातभार लागतो, इतकंच. मी हे पहिल्याच दिवशी सांगायचो. त्यावर चार जण उठून जायचे, पण बसलेले टिकायचे.

मग ‘गावाला उत्पन्न’ म्हणतात ते कुठलं?

ते घराघरातलं नाही, केंद्रावरचं. दोनशे घरांचे सात-सात किलो धरले तर महिन्याला १,४०० किलो माल होतो. तो निवडणं, दाबणं, गठ्ठे बांधणं, वही लिहिणं, गाडी भरणं हे काम आहे आणि त्याची मजुरी द्यावी लागते. गावातल्या दोन-तीन जणांना आठवड्यातले काही दिवस नियमित काम मिळतं. शिवाय नालेसफाई आणि कचरा वाहून नेण्यावर गावाचा जो खर्च होतो तोही काहीसा उतरतो; तो पैसा दिसत नाही, म्हणून कुणी मोजत नाही.

काय काय घेता?

पुठ्ठा, वह्या-पुस्तकांचा कागद, वर्तमानपत्रं, पाण्याच्या आणि तेलाच्या बाटल्या, साबणाचे व शाम्पूचे डबे, तुटक्या बादल्या, दुधाच्या स्वच्छ पिशव्या, पत्र्याचे डबे, अॅल्युमिनियम, लोखंड, तांबं, अखंड काचेच्या बाटल्या. यादी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, कारण ती बँक ठरवत नाही, खरेदीदार ठरवतो. आधी गिऱ्हाईक शोधा आणि मग यादी लिहा. उलटं केलं तर केंद्राच्या मागे डोंगर होतो आणि बँकच गावातला सर्वांत मोठा उकिरडा बनते. हे अतिशयोक्तीनं म्हणत नाही, एके ठिकाणी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जपानमधलं कामिकात्सु हे छोटं गाव कचरा चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतं. २००३ मध्ये त्यांनी ‘शून्य कचरा’ हे ध्येय जाहीर केलं. ऐकायला भारी वाटतं, पण तुम्ही सुरुवात पाच-सहा जातींवर करा. लोकांचा हात बसला की वाढवा.

काय अजिबात घेत नाही?

वापरलेले डायपर आणि सॅनिटरी पॅड, सुया-सलाईन-पट्ट्या, जुनी औषधं, कीटकनाशकांच्या बाटल्या, ट्यूबलाइट व सीएफएल दिवे (आत पारा असतो), रंगाचे अर्धवट डबे. हे केंद्रावर आलंच तर परत पाठवा, ‘राहू दे कोपऱ्यात’ म्हणू नका. मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्या तर मालात चुकूनही जाऊ देऊ नका. लिथियमची बॅटरी दाबयंत्राखाली चिरडली की आग लागते, आणि शेजारी पुठ्ठ्याचे गठ्ठे असतात. तांब्यासाठी वायरी जाळून आणणाऱ्यांकडूनही तांबं घेऊ नये. वायरीवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळताना निघणारा धूर जाळणाऱ्याच्या पोराबाळांच्या नाकात जातो. काळं पडलेलं तांबं हाताला लगेच कळतं.

सगळं प्लास्टिक सारखंच दिसतं. ओळखायचं कसं?

बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. ही पद्धत १९८८ मध्ये सुरू झाली. १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन (वखारीतले लोक ‘पीपी’ म्हणतात), ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे उरलेलं सगळं. आकडा असला म्हणजे त्याला गिऱ्हाईक असतंच असं नाही. तो फक्त जात सांगतो.

आकडा घासला गेला असेल तर बाटली उलटी करा. पेटच्या बाटलीच्या बुडाला मधोमध एक बारीक टेंगूळ असतं, बोटाला खरखरीत लागतं. साच्यात ओतताना प्लास्टिक तिथून आत शिरलेलं असतं. नळीसारखं सोडून मग फुगवलेल्या एचडीपीई किंवा पीव्हीसीच्या बाटलीला टेंगूळ नसतं, बुडावरून आडवी शिवण गेलेली असते. आमच्याकडे दहा-बारा वर्षांची पोरं अंधारात बोट फिरवून ओळखायची.

तरी शंका राहिली तर बादलीत पाणी घ्या आणि एक तुकडा कापून बोटानं पाण्याखाली नेऊन सोडा. वर आला तर एचडीपीई, एलडीपीई किंवा पीपी, कारण हे पाण्याहून हलके. तळाला गेला तर पेट, पीव्हीसी किंवा पॉलिस्टायरीन. पेटची घनता १.३८ च्या आसपास असते.

काडी लावून वासावरून ओळखणारे महाभाग असतात. त्यांना काडीपेटी केंद्रावर आणू देऊ नका.

एखादी बाटली चुकून दुसऱ्यात गेली तर एवढं काय बिघडतं?

पेटच्या बाबतीत बिघडतं. पेट वितळवायला २६० अंशांच्या आसपास तापमान लागतं. त्या तापात पीव्हीसी टिकत नाही. ते करपतं आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडतं, त्यानं सगळा घाणा पिवळा-काळा पडतो. म्हणून खरेदीदार पोतं फोडून वरच्या चार बाटल्या बघतो आणि एक जरी चुकीची दिसली तरी सगळ्या गाडीचा भाव पाडतो.

टोपण काढायचं की ठेवायचं?

काढा. बाटली पेटची, टोपण एचडीपीई किंवा पीपीचं. टोपणांचा डबा वेगळा ठेवला की त्याला भाव चांगला येतो. टोपण काढलं की बाटली पायाखाली सपाटही होते.

धुऊनच का आणायचं? पाणी काय फुकट आहे?

साबण-पाण्यानं घासायला कुणी सांगत नाही. भांडी घासून उरलेल्या पाण्यात एकदा खळखळून उलटी ठेवली की झालं. तेलाचा डबा पुसून आणला तरी चालतो. उरलेलं काही आत राहिलं की मुंग्या, झुरळं, उंदीर आणि वास येतो, आणि केंद्राशेजारचा माणूस तिसऱ्या आठवड्यात तक्रार घेऊन येतो. कागद मात्र धुवू नका. (हसू नका, एकानं आणला होता.)

ओला कचरा का घेत नाही? खरा कचरा तर तोच जास्त आहे.

तुमचं म्हणणं खरं आहे. वजनानं निम्म्याहून जास्त तोच असतो. पण तो साठवून विकण्याचा माल नाही, दोन दिवसांत नासतो. त्याची जागा घरामागच्या खड्ड्यात किंवा गावाच्या सामाईक खतकुंडीत. ओल्याला सुका पालापाचोळा जोडत राहायचं, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका ठेवायचा आणि अधूनमधून वरखाली करायचं. ढीग आतून तापतो. ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिला की रोगजंतू आणि तणाचं बी बहुतेक मरतं. काही बँका तयार खत विकून त्याचंही खातं ठेवतात. पण तो दुसरा धंदा आहे आणि त्याला दुसरा माणूस लागतो.

एक मात्र सांगतो. घरात ओलं वेगळं झालं नाही तर सुक्याला किंमत राहत नाही. आमट्या-भाज्यांच्या पाण्यात भिजलेला पुठ्ठा कुणी घेत नाही.

चकचकीत पाकिटांचं आणि सॅशेचं काय करायचं?

खरं उत्तर असं की फारसं काही करता येत नाही. त्या पाकिटात प्लास्टिकचे दोन-तीन थर आणि अॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा एकमेकांना चिकटवलेला असतो. तो सोडवण्याचा खर्च मालाच्या किमतीहून जास्त, म्हणून गिऱ्हाईक नाही. कुणी त्यांच्या पिशव्या विणतं, कुणी बाटलीत ठासून ‘वीट’ करतं. हौस म्हणून ठीक आहे, पण अशी विणलेली पिशवी किती घरं विकत घेणार? सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाण्याची सोय जवळपास असेल तर बघा. नाहीतर ही पाकिटं कमीत कमी घरात आणणं, आणि आलेली नाल्यात न टाकता एका पोत्यात कोरडी ठेवून अधिकृत जागी पाठवणं, एवढंच हातात उरतं.

सुरू करायला काय लागतं?

पाऊस न लागणारी जागा, जमिनीपासून वीतभर उंच फळ्या, काटा, पोती, हातमोजे, एक वही, पासबुकं आणि खरेदीदाराचा लेखी शब्द. संगणक नंतर घ्या. दाबयंत्र मात्र जमेल तितक्या लवकर. सुट्या बाटल्या एका घनमीटरात २० ते ३५ किलोच बसतात. न दाबता गाडी भरलीत तर तुम्ही हवा वाहून नेता आणि भाडं मात्र पूर्ण देता.

काचेचं उलटं असतं. ती जड आणि स्वस्त. खरेदीदार लांब असेल तर भाड्यातच सगळं जातं. जवळ गिऱ्हाईक नसेल तर काच घेऊच नका, फक्त पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्या घ्या.

वजनात फसवणार नाही कशावरून?

माझ्या मते बँक टिकते की बुडते हे इथेच ठरतं. बाकी सगळं नंतर शिकता येतं.

काटा असा ठेवा की आकडा खातेदाराकडे तोंड करून दिसेल. लिहिणारा वाकून बघेल, हरकत नाही. दर वेळी काम सुरू करायच्या आधी सगळ्यांसमोर एक माहीत असलेलं वजन ठेवून दाखवा. पोत्याचं वा टोपलीचं वजन आधी वजा करा, यालाच धडा करणं म्हणतात. ‘धडा केला का?’ हा प्रश्न खातेदारानं विचारायचा आणि वजन करणाऱ्यानं न चिडता उत्तर द्यायचं. आजचा भाव पाटीवर खडूनं मोठ्या अक्षरात, काट्याच्या वरच.

नोंद दोन ठिकाणी करायची, बँकेच्या वहीत आणि पासबुकात, आणि तीही जातवारी: पुठ्ठा ३.२, पांढरा कागद ०.८, पेट १.१, पत्रा ०.४. ‘मिश्र ५.५ किलो’ असं एका ओळीत कधीही लिहू नका. पुढे भांडण होतं ते याच ओळीवर.

एकदा आमच्या वहीत ४.६ चे ६.४ झाले. फायदा खातेदाराचा होता, तरी तिनंच येऊन सांगितलं. आम्ही ती चूक पुसली नाही, तांबड्या शाईनं आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहिला आणि दोघांच्या सह्या घेतल्या. त्यानंतर ती बाई शेजारच्या चार घरांना घेऊन आली. जाहिरातीवर एक पैसा न घालता मिळालेले ते चार खातेदार.

माल विकल्यावर वजन नेहमी कमी भरतं. फरक कुणी खाल्ला?

बहुधा उन्हानं. आणलेल्या मालात ओलावा आणि माती असते, साठवताना पुठ्ठा वाळतो, निवडताना काही निघून जातं. याला घट म्हणतात आणि ती प्रत्येक वखारीत असते. म्हणून विक्रीच्या भावातले शंभरातले पंधरा-वीस बँकेनं घट आणि खर्चासाठी राखून खातेदाराला उरलेला भाव द्यावा. हे प्रमाण पाटीवर लिहिलेलं असावं. दर महिन्याला आवक, जावक आणि घट हे तीन आकडे वाचून दाखवा. घट नेहमीपेक्षा दुप्पट दिसली तर मात्र उन्हावर ढकलू नका.

लोक बाटलीत पाणी, पोत्यात दगड घालून आणतात. काय करायचं?

आणतात. ओला पुठ्ठा आणतात, डब्यात वाळू भरतात, एकदा तर रद्दीच्या गठ्ठ्याच्या पोटात फरशीचा तुकडा निघाला. चारचौघांत पाणउतारा करू नका. पोतं त्याच्याच हातानं फळीवर ओतायला लावा, दगड त्याच्याच हातात द्या आणि उरलेल्याचं वजन करा. ओतून मोजण्याचा नियम सगळ्यांना सारखा असला की पुन्हा कुणी करत नाही.

भाव आज एक, पुढच्या महिन्यात दुसरा. का?

कारण तुमच्या गावातला पुठ्ठा जगाच्या बाजारात विकला जातो. २०१८ च्या सुरुवातीला चीननं बाहेरून येणारा प्लास्टिकचा आणि निवड न केलेल्या कागदाचा कचरा घेणं बंद केलं आणि दूरदूरच्या देशांत गोदामं तुंबली, भाव कोसळले. खनिज तेल स्वस्त झालं की नवं प्लास्टिक स्वस्त होतं आणि जुन्याला कोण विचारतो? धातूंचं तसं कमी होतं. अॅल्युमिनियम खनिजापासून काढण्यापेक्षा जुनं वितळवायला ९५ टक्के कमी ऊर्जा लागते, म्हणून त्याला गिऱ्हाईक कायम असतं.

यावर उपाय दोन. जमा करतानाचा भाव दर महिन्याला बदला आणि तो बदल आधी सांगा. आणि चांगल्या महिन्यांतला थोडा पैसा वाईट महिन्यांसाठी बाजूला ठेवा. ‘भाव चढेपर्यंत माल धरून ठेवू’ हा मोह टाळा. पुठ्ठ्याला वाळवी आणि आग दोन्ही लागतात.

गाव खरंच स्वच्छ होतं का?

अर्धं होतं. ज्याला किंमत आहे ते रस्त्यावर दिसेनासं होतं, आणि तेही लवकर. ज्याला नाही ते तसंच पडून राहतं, उलट जास्त उठून दिसतं. पहिल्या वर्षानंतर गावात फक्त सॅशे आणि पातळ पिशव्या उडताना दिसल्या तर बँक चालली आहे असं समजा.

फरक जाणवतो तो धुरात आणि डासांत. प्लास्टिक पेटवणं कमी होतं, कारण जाळायचं ते पोत्यात गेलेलं असतं. डेंग्यूचा एडिस डास टायर, डबे, फुटक्या भांड्यांतल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकून राहतात. म्हणून डबे उचलायचे ते पावसाआधी. पाऊस सुरू झाल्यावर केलेली मोहीम फोटोपुरती.

आणि एक सूचना: बँकेच्या मागे उघड्यावर टायर आणि डबे साठवले तर डासांचा पत्ता फक्त बदलतो.

पैशाऐवजी दुसरं काही देता येईल का?

येईल. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात १९९१ पासून चार किलो सुक्या कचऱ्यामागे एक किलो भाजी-फळं दिली जातात. त्यातून आसपासच्या शेतकऱ्यांचा जास्तीचा मालही खपतो. इंडोनेशियातल्या मालांग शहरात गमाल अल्बिनसाइद या डॉक्टरांनी दरमहा ठरावीक किमतीचा कचरा देऊन दवाखान्यात उपचार मिळतील अशी विमा योजना उभी केली. गावात वीजबिल, पाणीपट्टी किंवा शाळेचं शुल्क खात्यातून वळतं करता येतं. पण निवड खातेदाराची असू द्या. रोख मागणाऱ्याच्या हातात कूपन ठेवू नये.

हे सगळं काम करणार कोण?

‘गावच्या बायका करतील’ असं म्हणून बैठक संपते, ते मला खटकतं. घरात कचरा वेगळा त्या करतात, केंद्रावर निवडायलाही त्याच बसतात, आणि मजुरीची गोष्ट निघाली की ‘सेवा’ हा शब्द येतो. पहिल्या महिन्यापासून मजुरी द्या, थोडी का असेना, पण वहीत लिहून. सह्यांचा अधिकार असलेल्या दोघांत एक तरी निवडायला बसणारी असावी. मुलांना माल आणायला सांगा, निवडायला बसवू नका. फुटकी काच आणि सुई कुठून निघेल सांगता येत नाही, म्हणून हातमोजे जाड हवेत आणि काम करणाऱ्यांना धनुर्वाताची लस दिलेली असावी.

ही खरी बँक नाही. बंद पडली तर आमचे साठलेले पैसे?

खरी नाहीच. ठेवींना कुणाची हमी नसते आणि व्याजही नसतं. म्हणून सुरुवातीलाच काही गोष्टी लिहून घ्या. खातेदारांचा पैसा खऱ्या बँकेत, कचरा बँकेच्या खर्चाच्या खात्यापासून वेगळ्या खात्यात, दोन सह्यांवर राहील. त्यातून कुणालाही उसने दिले जाणार नाहीत, देवळाच्या किंवा शाळेच्या कामालाही नाहीत. वर्षातून एकदा तरी सगळे पैसे ज्याचे त्याला वाटून पासबुकं शून्यावर आणली तर सगळ्यांत बरं, म्हणजे थकबाकी साठतच नाही.

बंद करायची वेळ आलीच तर नवा माल घेणं आधी थांबवा, मग साठा विका. निवडणाऱ्यांची मजुरी आणि खातेदारांची रक्कम आधी द्या, जागेचं भाडं आणि बाकीची देणी त्यानंतर. काटा आणि दाबयंत्र विकून आलेले पैसेही याच क्रमानं. जे खातेदार गाव सोडून गेले असतील त्यांची नावं आणि रक्कम त्याच भावाच्या पाटीवर खडूनं लिहा आणि तीन महिने पुसू नका.